टीव्हीतला माणिक

शहाऐंशी साल असेल. कमलनगरात आमच्या गल्लीत टीव्ही एकच, कापडवाल्या शिवय्याअण्णांचा. त्या रविवारी त्यांच्या पडवीत पाय ठेवायला जागा नव्हती, कारण चांगुणाबाईंचा माणिक टीव्हीत दिसणार होता. मुंबईला गेलेला माणिक दिवाळीत सांगून गेला होता, "पोलिसांची नवी मालिका सुरू व्हायलीय. तिसऱ्या भागात मी हाय, बगा." काम कसलं, ते त्यानं सांगितलं नाही. चांगुणाबाईंनी त्याला आधी हवालदार केलं आणि संक्रांतीपर्यंत फौजदार. एवढी भराभर बढती सरकारही देत नाही.

त्यात उदगीरचे तात्याराव आपल्या म्हाताऱ्या आईला, सरुबाईंना, घेऊन आले होते. नट जावई नको म्हणणारे तात्याराव टीव्हीतल्या फौजदाराला मात्र पोरगी द्यायला राजी झाले होते. एकदा डोळ्यांनी बघायचं आणि सुपारी फोडायची, असं ठरलं होतं.

मालिका सुरू झाली. फौजदार आला, तो माणिक नव्हता. हवालदार आले, त्यांतही माणिक नव्हता. मग एका खोलीत जमिनीवर कुणीतरी पडलेलं दिसलं. फौजदारानं तोंडावरची चादर बाजूला केली आणि शिवय्याअण्णांची बायको निलम्मा ओरडली, "अय्यो, ह्यो तर आपला माणिक!"

हसावं की रडावं, कुणाला कळेना. तात्यारावांनी मांडीवरची टोपी उचलून डोक्यावर घातली. "पोरगी द्यायला आलो, तर जावईच मेलेला," ते पुटपुटले.

चांगुणाबाई मात्र पडद्याला नाक लावून बसल्या होत्या. "मेला न्हाई वो! पोट बगा की, हालायलंय!"

खरंच. फौजदार गंभीर चेहऱ्यानं खुनी शोधत होता आणि माणिकचं पोट खुशाल वर-खाली होत होतं. एकदा तर पापणीही फडफडली. सगळी पडवी हसून लोळली. लेक जिवंत दिसला म्हणून चांगुणाबाई हसत होत्या, पण सोयरीक मोडली हेही त्यांना कळलं होतं. पदर डोळ्यांना लागला, तेव्हा मला फार वाईट वाटलं.

"चल माय, बस चुकंल," तात्याराव म्हणाले.

सरुबाई जागच्या हलल्या नाहीत.

"बस खाली. तुझा बाप जन्मभर माझ्याशी खोटं बोलला, पन पापणी हालली न्हाई कदी. ह्या पोराला घडीभर खोटं मरताबी येईना. पोरगी हितंच द्यायची."