चौदा नंबरचा शर्ट

"सात," लुडोविक म्हणाला आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागला.

कपडे बदलायच्या खोलीत दोन बाकं, बाकांवर माणसं. तिसऱ्यांदा मोजूनही सातच भरली. लुडोविक आमचा कप्तान, घरी बत्तीस गाई, रोज संध्याकाळी मोजून आत घेतो. मोजण्यात तो चुकत नाही. भिंतीवरच्या घड्याळात तीनला वीस मिनिटं कमी होती.

"रेमी कुठंय?"

"गवत कापतोय," केव्हिन बुटाच्या नाड्या ओढत म्हणाला. "उद्यापासून पाऊस सांगितलाय. आणि ते दोघं भाऊ भाचीच्या बाप्तिस्म्याला गेलेत. तिथलं जेवण सोडून येणारेत का ते?"

मी दारात उभा होतो, चुन्याचे हात पँटला पुसत. पेरोलाक या आमच्या गावच्या फुटबॉल मैदानावरच्या पांढऱ्या रेषा दर रविवारी सकाळी मीच मारतो. ते काम मला सहा वर्षांपूर्वी मिळालं, कारण दुसरं कोणी करत नव्हतं. त्याआधीचं पहिलं वर्ष मी कठड्याला टेकून एकटाच सामने बघायचो आणि माझ्याशी कोणी बोलायचं नाही. मला वाटायचं, मी इंग्रज म्हणून राग असेल. मग मॉरीननं, म्हणजे माझ्या बायकोनं, बेकरीत चौकशी केली. चूक माझीच निघाली. इथे मैदानावर आलं की आधी हजर असलेल्या प्रत्येकाशी हात मिळवायचा असतो, मग तो मेयर असो की मागच्या आठवड्यात ज्याच्याशी भांडण झालंय तो असो. मी मान हलवून हसत होतो आणि अख्खं गाव मला शिष्ट समजत होतं. पुढच्या रविवारी मी एकोणीस हात मिळवले. विसाव्या हातानं मला बिअर दिली.

आमचा गट जिल्ह्यातला सगळ्यात खालचा, त्याच्याखाली फक्त गवत. पण त्यालाही नियम आहेत. सामना सुरू करायला निदान आठ खेळाडू लागतात. त्या हिवाळ्यात दोनदा आमचे आठ भरले नव्हते. तिसऱ्यांदा असं झालं, किंवा माणसं कमी पडून सामना अर्ध्यावर थांबला, तर क्लबचं नाव यादीतून काढलं जाईल, असं पत्र आलं होतं. ओडीलनं ते मैदानाशेजारच्या क्लबच्या टपरीत, बाटल्यांच्या वर, सगळ्यांना दिसेल असं चिकटवून ठेवलं होतं. आजचा सामना हंगामातला शेवटचा. हरण्याची आम्हाला सवय होती. प्रश्न हरण्याचा नव्हताच.

ओडील म्हणजे क्लबची सचिव. वय बहात्तर. दूध डेअरीतल्या मजुरांना जमवून तिच्या सासऱ्यांनी हा क्लब काढला. डेअरी बंद पडली, सासरे गेले, नवरा गेला, शाळाही गेल्या वर्षी गेली. उरलं ते तिनं हातात घट्ट धरून ठेवलं होतं. तीच माझ्या मागून खोलीत आली, खेळाडूंची यादी असलेला टॅब छातीशी धरून.

"सात नाहीत, आठ आहेत," ती म्हणाली आणि टॅब लुडोविकच्या पुढे धरला.

लुडोविकनं टॅबकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बाकावरच्या सगळ्यांनीच पाहिलं. सप्टेंबरात ओडीलनं मला डॉक्टरकडे पाठवून खेळाडूचा परवाना काढायला लावला होता. "कागदावर एक नाव जास्त असू द्या, क्लीव. कोण विचारतंय?" असं म्हणाली होती. माझं नाव क्लाईव्ह, पण इथे सात वर्षं मी क्लीव आहे. वय एकसष्ट. तिकडे मायदेशी, ग्रिम्सबीला, चाळीस वर्षं बॉयलर दुरुस्त केले. शेवटचा फुटबॉल खेळलो तेव्हा माझी मुलगी रांगत होती.

"ओडील, मी मरेन," मी म्हणालो.

"नव्वद मिनिटांनंतर मरा," ती म्हणाली. "आधी नको."

खोलीत कोणी हसलं नाही. तेव्हा मला कळलं की हे खरंच होणार आहे.

गोलकीपरचे जादा बूट तीन नंबर मोठे होते, म्हणून मी मोज्यांचे दोन जोड घातले. नडगीचे पॅड नव्हते आणि पॅडशिवाय पंच खेळू देत नाही. ओडीलनं सरबताच्या बाटल्यांचं खोकं कात्रीनं कापून दोन तुकडे मोज्यात सरकवले. शर्ट मिळाला चौदा नंबरचा. त्या शर्टाशी माझं जुनं प्रकरण होतं. आमच्याकडे सामना संपला की सगळे शर्ट एका पिशवीत भरतात आणि पिशवी पाळीपाळीनं एकेका खेळाडूच्या घरी धुवायला जाते. मॉरीन गेल्यानंतर मी ओडीलला किती वेळा म्हटलं, मी रिकामा आहे, मशीन आहे, मला द्या पिशवी. दर वेळी तिचं उत्तर एकच: "जे घालतात ते धुतात." दुखावण्यासाठी म्हणायची नाही. रीतच तशी होती.

पंच शहरातून आलेला तरुण होता, इस्त्रीच्या चेहऱ्याचा. नावं वाचत, फोटो पडताळत तो माझ्यापाशी थांबला.

"हे खेळणार?"

"परवाना आहे ना?" ओडील म्हणाली. "मग?"

त्यानं माझ्या नडगीवर बोटानं टकटक केली. आवाज खोक्याचाच आला. मग तो पुढच्या खेळाडूकडे गेला.

लुडोविकनं मला आमच्या टपरीसमोरच्या रेषेजवळ नेऊन उभं केलं. "चेंडू आला तर बाजूला हो. पळू नकोस. कुणाला आडवा जाऊ नकोस. एकच काम आहे तुझं, या रेषेच्या आत राहायचं. तू बाहेर गेलास आणि परत आत येता आलं नाही, तर सात उरतात. सात उरले की संपलं. कळलं?"

"रेषा मीच मारलीय," मी म्हणालो.

समोर शेजारच्या शांब्राक गावचे अकरा होते, सगळे तिशीच्या आतले. दहाव्या मिनिटाला पहिला गोल झाला, तेराव्याला दुसरा. मी मुकाट्यानं रेषेच्या आत चालत होतो. चालत म्हणण्यापेक्षा बूट ओढत होतो. मध्यंतरापर्यंत सहा गोल झाले आणि वाईट म्हणजे केव्हिनला पिवळं कार्ड मिळालं. केव्हिन गवंडी आहे, मनानं सरळ, पण हात आधी चालतो आणि डोकं मागून येतं. अजून एक कार्ड आणि आमचे सात.

ओडीलनं साखर घातलेला चहा दिला. लुडोविक केव्हिनसमोर उकिडवा बसून हळू आवाजात म्हणाला, "त्यांनी तुझ्या आईवरून काही म्हटलं तरी हसायचं. तुझी आई सोसेल. क्लब सोसणार नाही."

"माझी आई त्या कठड्याशीच उभी आहे," केव्हिन म्हणाला. "ती सोसेल असं मला नाही वाटत."

मला त्या पंधरा मिनिटांत लीड्सच्या माझ्या मुलीची आठवण येत होती. दर आठवड्याला तिचा फोन येतो. "बाबा, घर विका आणि इकडे या. तिथं आहे कोण तुमचं?" मागच्या वेळी मी म्हणालो होतो, हंगाम संपू दे, मग बघू. तिला वाटलं मी टाळतोय. मी टाळत नव्हतो. घरात चार वर्षं कोणी नाही, पण रविवारी तीन वाजता या मैदानावर माझी वाट बघणारी माणसं होती. क्लबचं नाव पुसलं गेलं असतं तर या गावात राहायला मला काही कारणच उरलं नसतं. हे मी मुलीला फोनवर सांगू शकलो नाही. तेव्हा कुठे मला तरी नीट माहीत होतं.

उत्तरार्धात पंधरा मिनिटं गेली असतील. गोल आठ झाले होते. आमच्या बचावातून कोणीतरी आंधळेपणानं मारलेला चेंडू टप्पे घेत माझ्याकडे आला. बाजूला व्हायचं होतं. पण पायाशी आलेला चेंडू, आणि कठड्यावरून कोणीतरी ओरडलं, "क्लीव." मी तो अडवला. बरा अडवला, हे सांगायलाच हवं. वळून लुडोविककडे द्यावा म्हणून पाय टाकला आणि पोटरीत मागून काठी बसावी तसा आवाज आला. मी वळून पाहिलं, मागे कोणीच नव्हतं. मग खाली पडलो.

तोंडाजवळ पांढरी रेषा होती. सकाळचा चुना अजून ओलसर. माझं कोपर तिच्यावर होतं. मी आधी कोपर आत ओढलं.

ओडील बादली आणि स्पंज घेऊन रेषेपर्यंत धावत आली. पंचानं हात वर केला.

"त्या आत आल्या की तुम्हाला बाहेर जावं लागेल," तो मला म्हणाला. आवाजात दुष्टपणा नव्हता. "बाहेर उपचार घ्या. परत येता आलं तर या. नाही आलं तर मी सामना संपवतो."

परत येता येणार नाही हे मला पडल्या पडल्याच समजलं होतं. एकदा बाहेर जाऊन बसलो असतो तर उठलो नसतो.

"ओडील," मी म्हणालो, "आत येऊ नका."

ती थांबली. बादलीतलं पाणी तिच्या चपलांवर सांडलं. लुडोविकनं हात दिला आणि मी एका पायावर उभा राहिलो. दुसरा टेकवला तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी आली.

"उभं राहता येतंय?" त्यानं विचारलं.

"बसता येत नाही, म्हणून उभा आहे. किती वेळ आहे?"

"एकोणतीस मिनिटं."

त्यानं आकडा सांगायला नको होता. मी कठड्याच्या खांबांमधल्या जागा मोजत राहिलो. घामानं मोजे भिजले, खोक्याचा तुकडा भिजून लगदा झाला. नववा गोल झाला, दहावा झाला, अकरावाही झाला. कोणी माझ्याकडे बघत नव्हतं आणि सगळे माझ्याकडेच बघत होते.

अंदाजे सात मिनिटं उरली असताना शांब्राकचा नऊ नंबर माझ्याजवळून जाताना मोठ्यानं म्हणाला, "अरे, याला कुठल्या वृद्धाश्रमातून आणलाय? संध्याकाळचं सूप चुकेल की त्याचं."

ते मला सोसलं असतं. केव्हिनला सोसलं नाही. तो मैदानाच्या मधून सरळ चालत आला, मूठ वळून, मान पुढे काढून. लुडोविक लांब होता. पंच वळला आणि त्याचा हात खिशाकडे गेला. केव्हिनची आई कठड्यापासून ओरडली, पण ते केव्हिनला ऐकू गेलं नाही.

मी चार पावलं टाकली. कशी टाकली ते आता सांगता येणार नाही. दोघांच्या मध्ये जाऊन मी नऊ नंबरच्या पुढे हात केला.

"नमस्कार," मी म्हणालो. "मघाशी आपला हात मिळवायचा राहिला. मी क्लीव."

त्यानं माझ्या हाताकडे पाहिलं आणि हात मिळवला. विचार न करता, सवयीनं. या भागात पुढे आलेला हात कोणी रिकामा परत पाठवत नाही, लहानपणापासून अंगात मुरलेलं असतं. हात हातात आल्यावर त्याचा चेहरा ओशाळा झाला.

"पाय दुखतोय का फार?" त्यानं विचारलं.

"हो."

केव्हिन माझ्या मागे उभा होता. त्याचा श्वास मला मानेवर जाणवत होता. "केव्हिन," मी न वळता म्हणालो, "यांच्याशी हात मिळव." मग माझ्या खांद्याच्या बाजूनं सिमेंटनं फुटलेला एक हात पुढे आला.

पंचाचा हात खिशातून रिकामा बाहेर आला.

शेवटची मिनिटं शांब्राकचे लोक चेंडू आपसातच फिरवत राहिले. माझ्या बाजूला तर कोणी आलंच नाही. शिट्टी वाजली तेव्हा स्कोअर अकरा-शून्य होता. कोणी नाचलं नाही. लुडोविक मैदानाच्या मध्यावर खाली बसला आणि त्यानं तोंड शर्टात लपवलं. पंचानं टॅबवर सामना पूर्ण झाल्याची नोंद केली, ओडीलनं सही केली. मग ती बादली घेऊन रेषा ओलांडून आत आली, माझ्यापाशी गुडघ्यांवर बसली आणि माझा मोजा उतरवता उतरवता रडायला लागली.

"एक वर्ष मिळालं, क्लीव," ती म्हणाली. "एक वर्ष."

पोटरी वांग्याच्या रंगाची झाली होती. केव्हिननं मला त्याच्या गाडीतून घरी आणलं, दारापर्यंत खांद्यावर हात घेऊन चालवलं, मग परत गाडीकडे गेला आणि डिकीतून पिशवी काढली. माझ्या पायांशी ठेवली.

"ओडीलनं दिलीय," तो म्हणाला. "तुझी पाळी."

सोमवारी पाऊस आलाच नाही. रेमीनं उगीच घाई केली. मशीन थांबल्यावर मी कुबडी भिंतीला लावली आणि शर्ट एकेक करून मागच्या अंगणात वाळत घातले. ती दोरी मॉरीननं बांधून घेतली होती, चांगली लांब, दोन खांबांवर. मॉरीन गेल्यापासून मी दोरीचं एकच टोक वापरत होतो. त्या दिवशी आठ शर्ट घातल्यावर दोरी पहिल्यांदा शेवटपर्यंत भरली. चिमटे कमी पडले, म्हणून चौदा नंबरचा एकाच चिमट्यावर लावला.