जीव घाबरा होतोय

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे आणि आज मी भयंकर चिडलो आहे.

हातमोजे घातलेल्या बायकांनी मला एका कारखान्यात जोडलं. पुढे एका दादाने मला कौतुकाने मिरवलं, नवा फोन येताच बहिणीच्या गळ्यात मारलं. ती परमुलखातून आलेली, नर्सिंग शिकणारी. इथल्या रुग्णांची भाषा तिने माझ्यात रेकॉर्ड केली आणि कानाला लावून लावून पाठ केली. मला त्याचा अभिमान होता.

मग भाषेच्या मॅडमनी नवी परीक्षा काढली. रुग्णाशी संवादाचा व्हिडिओ कॉलेजच्या पानावर टाकायचा. लाइक जास्त, तर गुण जास्त. नापास झालं की वॉर्डात प्रवेश नाही.

संवाद सर्वांना एकच होता. आजीचं सोंग घेतलेली मैत्रीण म्हणणार, "जीव घाबरा होतोय गं!"

वर्गातल्या हिरोने मागे गाणं लावलं, केस उडवले आणि म्हणाला, "घाबरू नका आजी, मी आहे ना!" त्याच्यावर लाइकचा पाऊस पडला.

माझ्या मालकिणीने विचारलं, "छातीत दुखतंय का, आजी? दम लागतोय? घाम सुटलाय?" पण माझा कॅमेरा अंधुक. खाली शेरे आले, "ताई, भुताचा सिनेमा का?" "आधी दिवा लाव!"

ती नापास झाली. तशीच मॅडमकडे जाऊन म्हणाली,

"मॅडम, आजी घाबरलेल्या नाहीत. त्यांना आतून अस्वस्थ होतंय. त्या मुलाने शब्दाचा अर्थच चुकीचा घेतला."

मॅडम स्क्रीनवरून बोट सरकवत म्हणाल्या, "तुझं बरोबर असेल गं, पण लोकांपर्यंत कुठे पोहोचलं?"

"मला आजीपर्यंत पोहोचायचं होतं, मॅडम."

मॅडम पुढच्या व्हिडिओचे लाइक मोजू लागल्या. दोन्ही व्हिडिओ त्यांनी ऐकलेच नव्हते! ही त्यांची स्वतःची भाषा; एकदा ऐकलं असतं, तरी चूक कानाला टोचली असती.

आता ती वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसली आहे, मी तिच्या खिशात. आत तो हिरो खाटांमधून फिरतोय.

मित्रांनो, मला अडगळीत टाका, माझी तक्रार नाही. लाइक मोजायला मी आहे, ते काम माझ्यावर सोडा. पण माणसाचं बोलणं तपासायचं असेल, तर मला बाजूला ठेवा आणि स्वतःच्या कानांनी ऐका. आत कुणाचा जीव घाबरा झालाच, तर त्याला धीर नको असेल, डॉक्टर हवा असेल.