शेजारच्या सीटचं वजन

गाडी किती उचलायची यावरून आमच्यात महिनाभर जुंपली होती. आमच्या ह्यांना चार इंच हवी होती, मी म्हणत होते दोन. गाडी जुनी, खडकाचिखलात जायला बनवलेली, आणि लग्नापासून आमच्याबरोबर नांदलेली. तिचे स्प्रिंगचे पाटे पार बसले होते, मागून ती जमिनीला टेकायला आल्यासारखी दिसायची. त्यामुळे लिफ्ट किट बसवायचं, म्हणजे नवे पाटे आणि नवे शॉकअप घालून तिला वर उचलायचं, हे ठरलेलंच होतं. भांडण फक्त इंचांचं होतं.

"चार इंच उचललीत तर मला आत चढवायला क्रेन आणा," मी म्हटलं होतं.

यात थट्टा कमी आणि खरं जास्त होतं. वर्षभरात आधी माझ्या पायांनी आणि मग हातांनी एकेक काम सोडून दिलं होतं. स्नायूंचा आजार. डॉक्टर त्याचं लांबलचक नाव घेतात, मी त्याला पाहुणा म्हणते, कारण आला तो उठायचं नाव घेत नाही. एके काळी खडकांतून गाडी काढायची वेळ आली की मी उतरून पुढं चालायची आणि हातानं दाखवायची. डावं घ्या, सरळ, थांबा, अहो थांबा म्हणते ना! अख्ख्या संसारात ह्यांनी माझं निमूट ऐकलं ते तेवढंच. आता त्याच हाताला चमचा धरायचा म्हटलं तरी जिवावर यायचं.

मग एके सकाळी हे म्हणाले, "बरं, दोनच इंच. तू म्हणतेस तसं."

पंखा एकवर ठेवायचा की दोनवर, यावरही या माणसानं कधी माघार घेतली नव्हती. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकायला हवी होती. पण मी खूश झाले. वाटलं, माझ्यासाठी गाडी खाली ठेवतायत.

गॅरेजमध्ये मिस्त्रीनं खुर्ची फडक्यानं पुसली आणि मला कॉम्प्रेसरजवळ बसवलं, कारण तिथं दारातून वारं येत होतं. डोक्यावर तापलेला पत्रा, खाली तेलानं काळी झालेली फरशी, भिंतीला टेकवलेले टायर. मला असली जागा आवडते. इथं कुणी माझ्याशी हळू आवाजात बोलत नाही.

"दोन इंच म्हणजे उत्तम," मिस्त्री म्हणाला. "त्याच्या वर गेलं की ब्रेकचे पाइप, शाफ्ट, सगळ्यालाच हात घालावा लागतो. पण साहेब, पाटा किती जाड घ्यायचा ते उंचीवर नसतं. गाडीत कायम वजन किती असणार, त्यावर असतं. जाड पाटा आणि गाडी रिकामी, तर मागचा भाग उड्या मारतो. उतारावर चाक जमीन सोडतं. तेव्हा नीट विचार करून सांगा. या मॉडेलचे तयार मिळत नाहीत, बनवून मागवायचे. थंडीच्या सुमाराला येतील."

तेवढ्यात माझ्या कानाशी कॉम्प्रेसर सुरू झाला. दोघं गाडीच्या मागं गेले. मला नुसती तोंडं हलताना दिसत होती. हे बोटांवर मोजत ओरडून सांगत होते, बहुधा पाण्याचे कॅन, हत्यारांची पेटी, अंथरूण. मिस्त्रीनं चालकाच्या शेजारच्या सीटकडे हात केला आणि काहीतरी विचारलं. आणि हवेची टाकी भरली म्हणून कॉम्प्रेसर आपोआप बंद झाला.

"... ते नको! एकट्याचंच धरा! थंडीत मी एकटाच असणार!"

ह्यांचा आवाज पत्र्याखाली घुमला. मिस्त्री हातातला पाना उलटसुलट करून बघायला लागला. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि तोंड उघडंच राहिलं.

परत येताना सिग्नल लागला, तेव्हा मी विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले?"

"सांगितलं की तुला. गोळ्या बदलल्या की..."

"गोळ्या गेल्या खड्ड्यात. तुम्हाला एकट्याला बाहेर बोलावलं होतं. तेव्हा काय म्हणाले?"

"श्वासाचे स्नायू," हे म्हणाले. "थंडी निघणार नाही म्हणाले."

सिग्नल सुटला. मागचे हॉर्न वाजवायला लागले, पण ह्यांनी गाडी हलवली नाही. "मला त्या घरात एकट्याला बसवणार नाही गं. कुठंतरी निघून जावं लागेल. म्हणून गाडी धड करतोय."

मला राग आला. मरणाचा नाही, ते येणार हे पाय गेले तेव्हाच कळलं होतं. राग याचा, की महिनाभर मी दोन इंचांसाठी जीव तोडून भांडत होते, आणि शेवटी ह्यांनी माझं ऐकलं ते, मरायला टेकलेल्या माणसाचं ऐकतात तसं.

"मी अजून आहे," मी म्हटलं. "माझं वजन कमी झालंय, पण आहे."

त्यानंतर मी अबोला धरला. जो माणूस तुमचे दात घासून देतो त्याच्याशी अबोला धरणं सोपं नसतं, पण मी धरला. हे न बोलता मला कुशीवर वळवायचे, न बोलता केस विंचरायचे. भांग वाकडा पडला तरी मी बोलले नाही.

मग एका दुपारी हे बाहेर जाऊन आले. चेहरा जरा मोकळा वाटला. आल्या आल्या माझं सूप गरम करायला आत गेले, तोच उशाशी ठेवलेला त्यांचा फोन वाजला. मी बोटाच्या पेरानं कसाबसा उचलला.

"वहिनी, तुम्ही का? बरं झालं," मिस्त्री म्हणाला. "साहेब येऊन गेले. म्हणाले, दोघांचं वजन धरा. तुमचं सामान, तुमची चाकाची खुर्ची, सगळं धरून जाड पाटे सांगितलेत. वर चढायला पायरीपण लावा म्हणाले. ऑर्डर आता जाते आहे, आणि एकदा गेली की बदलता येत नाही. म्हणून म्हटलं, एकदा विचारून घ्यावं."

एवढंच ऐकायचं होतं मला. ते ऐकलं आणि सगळा राग ओसरला. इतकं बरं वाटलं की क्षणभर मी खरोखरच त्या सीटवर होते, काच खाली, अंगावर थंड वारं. मला जायचं होतं. देवाशप्पथ, मला फार जायचं होतं.

आत भांडं वाजलं.

"एकट्याचंच बनवा," मी म्हणाले.

"पण वहिनी, साहेब तर..."

"साहेबांना काही सांगू नका. उतारावर चाक जमिनीवर राहील एवढं बघा."

मग तो म्हणाला, "आणि पायरी?"

"पायरी लावा. नाहीतर त्यांना संशय येईल."

हे वाटी घेऊन आले, नॅपकिन माझ्या गळ्याशी खोचला. "कुणाचा फोन?"

"मिस्त्रीचा," मी म्हणाले. "दोघांचं पक्कं केलं मी."

हे हसले. किती दिवसांनी हसले. चमच्यावर फुंकर मारून त्यांनी तो पुढं केला, आणि मी तोंड उघडलं.