वाढीची फट

करंगळीच्या टोकाचं ते हाड जेमतेम नखाआड लपेल एवढं — आणि पुस्तकात त्याची जागा थेट मांडीच्या हाडाशेजारी, लांब हाडांत! उजेडाच्या पेटीवर लावलेल्या आपल्याच पंजाच्या एक्स-रेला ती जवळजवळ नाक टेकवून बघत होती. मधे दांडा, दोन्हीकडे टोकं, की झालं लांब. मापाचा प्रश्नच नाही. मनगटातले ते आठ खडे आखूड, कवटीची हाडं चपटी, मणके कशातच बसेनात म्हणून वेडेवाकडे... आणि माणसांना मात्र सरळ फूटपट्टी!

"मोडलं-बिडलं काही नाही," एक्स-रे काढणारी मावशी म्हणाली. "मुका मार. चार दिवस चेंडूला हात लावायचा नाही, कळलं का टिचके?"

टिचकी. संघातल्या पोरींनी ठेवलेलं हे नाव मावशीपर्यंत कसं पोचलं देव जाणे. संघात तरी कसली — राखीव बाकावर. "मारतेस झकास, पण जाळीपाशी दिसतच नाहीस गं," व्हॉलीबॉलच्या बाई म्हणाल्या होत्या, "उंच झालीस की बघू," आणि सगळ्या फिदीफिदी... तीही हसली होती, सगळ्यांहून मोठ्यानं, आणि घरी येऊन दाराच्या चौकटीला लोंबकळली होती, खांदे निखळायची वेळ येईपर्यंत.

"मावशी, वाढीची फट म्हणतात ती कुठली?" अगदी सहज विचारल्यासारखं.

मावशीनं मनगटापाशी बोट ठेवलं. "हाडाच्या टोकाशी काळी रेघ असते. ती आहे तोवर हाड वाढतं. सगळीकडच्या बुजल्या, की उंची थांबली."

बोटांतल्या तर बुजलेल्याच दिसतायत... पण इथं, मनगटाशी, केसाएवढी — मला दिसतेय, की दिसायला हवीय? तिनं डोळे बारीक केले, आणि नजर घसरली ती अंगठ्याच्या बुडाशी. तिथं तिळाएवढा एक पांढरा ठिपका. सुटा, कशालाच न चिकटलेला.

"सांगू का फटीचं?" मावशी म्हणाली.

"थांब गं! आधी हे काय?"

"ते होय? स्नायूच्या दोरीत तयार होणारं हाड. लहानपणी नसतं. तुझ्या वयाला येतं कधीतरी."

कधीतरी! म्हणजे कधी — गणिताच्या तासाला? दात घासताना? आपण उंचीकडे डोळे लावून बसलेलो, आणि इथं कुणाला न विचारता, गुपचूप, एक अख्खं नवं हाड... आणखी काय काय चाललंय आत? तिनं अंगठा हळूच वाकवून पाहिला. मावशी अजून मनगटावर बोट ठेवून थांबली होती, आणि तिला... तिला घाईच वाटेना.