मोनाच्या पुढची गाडी

मित्रांनो, कोल्हापुरात गंगावेशीजवळच्या एका गोठ्यात, कडब्याच्या पेंढ्यांना टेकून उभी असलेली जुनी मोटारसायकल म्हणजे मी. माझी टाकी एके काळी तांबडी होती, हे आता सांगावं लागतं. पण दिवाळीच्या पाडव्याला मला बघायला माणसं गच्चीवर चढायची, हेही सांगितलंच पाहिजे.

दुकानातून मला गणपतरावांनी घरी आणलं. त्यांच्या बायकोनं, शालूबाईंनी, हळदीकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. दुसऱ्याच पहाटे माझ्या दोन्ही अंगांना दुधाच्या किटल्या लटकल्या. गवळ्याच्या घरची गाडी मी. मिरवायला सवड कुठली? वर्षातून एक दिवस मात्र माझा होता. माझा आणि मोनाचा.

मोना ही आमची म्हैस. गणपतरावांच्या लेकीनं, स्वप्नालीनं, तिचं नाव ठेवलं तेव्हा गल्ली हसली होती. म्हशीचं नाव कुठं मोना असतंय व्हय, असं जो तो विचारायचा. पाडव्याला त्याच मोनाची शिंगं रंगायची, त्यांत मोरपिसं खोवली जायची, गळ्यात कवड्यांच्या माळा पडायच्या. आमच्याकडची रीतच तशी आहे. सजवलेल्या म्हशी रस्त्यावर आणायच्या, मालकानं गाडी दामटायची, आणि दोरी नाही, काठी नाही, तरी म्हशीनं गर्दीतून त्याच्या मागं पळत सुटायचं. त्या दिवशी माझा सायलेन्सर काढून ठेवत. काय दणका असे माझा! हलगी कडाडायची, पोरं शिट्ट्या मारायची, आणि मोना माझ्या मागं उधळत यायची. ती माझ्या आवाजावरच पळते, असं मला वाटे. सगळ्या गल्लीचंही तेच मत होतं.

या आषाढात गणपतराव गेले. स्वप्नाली पुण्याहून आली, दिवसकार्य आटोपून नोकरीवर परतली. माझ्यावर ताडपत्री पडली. गोठा पुतण्या यशराजनं हाती घेतला. पोरगा कष्टाळू. पेंड वेळेवर, चारा हिरवागार, पाइपनं आंघोळ. तरी मोना अर्धी पाटी तशीच सोडू लागली. दूध कमी झालं. डॉक्टर येऊन गेले, त्यांना आजार सापडला नाही. संध्याकाळ झाली की ती दाराकडे तोंड करून उभी राही. त्या वेळी गणपतराव चहाचा कप घेऊन तिच्याशेजारी बसायचे आणि तालमीतल्या कुस्त्यांपासून गुडघेदुखीपर्यंत सगळं तिला सांगायचे. आता यशराज पेंड घालायचा आणि निघून जायचा.

अखेर त्यानं ठरवलं. पाडव्याला मोना पळाली तर ठेवायची, नाहीतर कोडोलीच्या व्यापाऱ्याला द्यायची. ते ऐकून शालूबाईंनी मोनाच्या पाठीवरची माशी तेवढी हाकलली.

दिवाळीला स्वप्नाली आली. घरात वडिलांच्या रिकाम्या खुर्चीसमोर तिला बसवेना, म्हणून ती गोठ्यात येऊन बसू लागली. पहिल्या संध्याकाळी नुसतीच बसली. दुसऱ्या संध्याकाळी हळूहळू बोलू लागली. ऑफिसातली भांडणं, खोलीतला गळका नळ, आणि वडिलांना सांगायचं म्हणून राखून ठेवलेलं बरंच काही. मोनाचा कान तिच्याकडे वळला. त्या रात्रीची पाटी मोनानं चाटूनपुसून रिकामी केली, पण तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

आणि पाडवा उजाडला! ताडपत्री निघाली, टाकीत पेट्रोल खळखळलं, पहिल्याच किकला मी गर्जून उठले. यशराजनं गणपतरावांचा फेटा बांधला होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणूसच माणूस. त्यानं हाळी दिली, मला पुढं काढलं.

मोना जागची हलली नाही.

तो वळून आला, पुन्हा निघाला. मी घसा फुटेस्तोवर ओरडले. मोना उभीच. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "यशा, म्हस हाय का पुतळा?" सगळे हसले. यशराज लालबुंद झाला, त्यानं मूठ आणखी पिळली, आणि तापून तापून मी फट् करून बंद पडले. किक मारून मारून त्याचा फेटा सुटला. कोडोलीचा व्यापारी पुढं होऊन मोनाचे दात बघू लागला.

तेव्हा स्वप्नाली आली. तिनं माझं हँडल हातात घेतलं.

"आक्का, गाडी बंद हाय," यशराज म्हणाला.

"असू दे की."

पुढं पंचगंगेच्या घाटाकडे उतरणारा रस्ता होता. ती बसली, पाय वर घेतले आणि मला तशीच सोडलं. मागं न बघता साध्या आवाजात म्हणाली, "मोना, चल गं बाई. जाऊ या."

मी मुकी घरंगळत होते. आणि मागून खुरांचा आवाज आला. टप टप, मग धडधड! मित्रांनो, इतकी वर्षं माझ्याच दणक्यात तो मला कधी ऐकू आला नव्हता. कवड्या वाजत होत्या, मोरपिसं थरथरत होती, बाजूला सरकणारी माणसं ओरडत होती, आणि मोना माझ्या मागच्या चाकाला नाक लावून पळत होती. माझ्यात ना आवाज होता ना धूर. तरी ती पळत होती!

घाटावर ब्रेक लागला. स्वप्नालीनं मोनाच्या मानेवर डोकं टेकलं. मागून धापा टाकत यशराज आला. व्यापाऱ्याला म्हणाला, "पावणं, च्या घिऊन जावा."

पुण्याला निघताना स्वप्नालीनं त्याला बजावलं, "पेंड घालून लगेच उठू नको. बस जरा तिच्याजवळ."

काय बोलावं हे यशराजला आधी सुचेना. तो तिला क्रिकेटचा स्कोअर सांगायचा. आता चांगला रमतो. परवा एका मुलीनं त्याला नकार दिला, ते त्यानं घरात कुणाला सांगितलं नाही, मोनाला सांगितलं. मी शेजारीच असल्यामुळे मलाही कळलं.

मित्रांनो, मला वर्षभर ताडपत्रीखाली ठेवलं तरी माझी तक्रार नाही. पेट्रोल घाला, मी उठेन. तुमच्या घरातल्या कुत्र्याचं, मांजराचं, म्हशीचं तसं नसतं. आज संध्याकाळी त्यांच्यापुढं खाणं ठेवाल, तेव्हा लगेच पाठ फिरवू नका. तिथंच बसा आणि दिवसभरात काय काय झालं ते त्यांना सांगा.