सिंहाकडे बघत

आमच्या केनियातल्या बुकुसु लोकांत सासू आणि जावई एकमेकांच्या तोंडाकडे बघत नाहीत. बोलत नाहीत, हात मिळवत नाहीत. का, असं कोणी विचारलंच, तर लाज वाटते म्हणून. एवढं कारण आमच्या बापजाद्यांना पुरलं, मलाही पुरत होतं. पण माझी थोरली बहीण नलिआका लेकीच्या बाळंतपणासाठी बुंगोमाहून नैरोबीला आली आणि या लाजेनं मला जेरीस आणलं. ताई राहायची माझ्याकडे. जावई सितुमा कामावर गेला की लेकीकडे जायची आणि त्याची गाडी कोपऱ्यावर दिसली की मागच्या दारानं पळायची.

"पोरगी सुखात आहे का रे?" रोज संध्याकाळी तिचा हाच घोशा. "तिला विचारलं तर म्हणते, सगळं छान आहे. मीसुद्धा माझ्या आईला हेच सांगायचे."

"मग जावयाला विचार."

"लाज आहे का तुला, मकोखा?"

गावी परतायच्या आदल्या दिवशी तिनं सिंह बघायचा हट्ट धरला. शहराच्या वेशीवर सिंह आहेत आणि ही न बघताच आली, असं गावानं म्हटलं असतं. ठरलं असं, की सितुमा त्याच्या गाडीतून पुढे जाणार आणि आम्ही बहीणभाऊ माझ्या गाडीतून मागे. पण अभयारण्याच्या फाटकाशीच माझ्या गाडीनं मान टाकली. आत पायी जाता येत नाही. ताईनं खांद्यावर पांघरलेला कापडी लेसो डोक्यावरून पार हनुवटीपर्यंत ओढला आणि सितुमाच्या गाडीत मागे जाऊन बसली. सितुमानं आरसा छताकडे फिरवला. गावी न्यायला घेतलेली फोमची गादी मी मागच्या सीटवर, त्याच्या बरोबर पाठीमागे उभी केली आणि स्वतः पुढे, त्याच्या शेजारी बसलो. बँकेच्या तिजोरीलाही एवढा बंदोबस्त नसेल.

जिराफ दिसले, गेंडा दिसला, त्यांच्यामागे शहरातल्या उंच इमारती दिसल्या.

"हे सगळं फोटोत बघितलंय मी," लेसोतून आवाज आला.

आणि एका वळणावर, उजव्या हाताला, रस्त्याला लागून चांगला आयाळवाला सिंह पसरलेला. सितुमानं गाडी थांबवली.

"कुठाय? कुठाय?"

"उजवीकडे बघ, ताई."

"उजवीकडे गादी आहे!"

"मग पुढून बघ."

"पुढे जावई आहे!"

सितुमा सरळ माणूस. तो खाली घसरला आणि स्टिअरिंगखाली शिरला. पण गडी सहा फुटी. डोकं ब्रेकपाशी पोचलं आणि ढुंगण वर राहिलं.

"हे तर आणखीच वाईट झालं," ताई म्हणाली. पण लेसो वर करून तिनं सिंह बघितला. पोटभर बघितला. खालून सितुमाचं कण्हणं ऐकू येत होतं.

"त्याला सांग, वर ये म्हणावं. पाठ मोडेल त्याची."

"आणि तू गं?"

"मी सिंहाकडे बघेन. त्यानंही सिंहाकडेच बघावं. एकमेकांकडे बघतंय कोण?"

सितुमा धडपडत वर आला आणि शेजारच्या सिंहाला सोडून कुठेही बघेना. मग ताईनं, जणू सिंहालाच, विचारलं, "माझी लेक रात्री रडते का?"

मी गारच पडलो. सितुमानंही सिंहालाच उत्तर दिलं.

"आधी रडायची, आई. आता नाही. बाळ उठलं की मी उठतो."

"आणि मक्याची उगाली कोण शिजवतं?"

"मीच."

"तरीच कच्ची असते! इतके दिवस मी त्या पोरीला बोल लावतेय!"

"तीच सांगू नका म्हणाली होती. तुम्हाला आवडलं नसतं."

ताई हसली आणि हसता हसता लेसोच्या टोकानं डोळे पुसायला लागली. मलाही भरून आलं, पण मी गेंडा शोधायचं निमित्त करून दुसरीकडे बघितलं.

तेवढ्यात सिंह उठला, जांभई देऊन गवतात शिरला आणि दिसेनासा झाला. गाडी तशीच उभी. सितुमा रिकाम्या गवताकडे बघत होता. ताईही.

"पोटभर जेवते का ती?" तिनं गवताला विचारलं.

"जेवते, आई. मासे मागते रोज."

"डोक्याला तेल लावतं का कोणी?"

"दाखवलंत तर मी लावीन."

मागून एक गाडी भोंगा वाजवत पुढे निघून गेली.

"मकोखा," ताई मान न वळवता म्हणाली, "सिंह आहे ना रे अजून?"

"आहे, ताई," मी म्हणालो. "बस निवांत."