रिकाम्या खुर्चीवरचे जाकीट

“बसणाऱ्याच्या तोंडाकडे बघू नकोस, वजनाकडे बघ. माणूस हलका होऊ लागला की समजावं, काहीतरी बिघडलंय,” असे कोपऱ्यातल्या लोखंडी स्टुलाने मला पहिल्याच दिवशी बजावले होते. मी ते हसण्यावारी नेले. स्टुलाला ना पाठ, ना हात. त्याने मला शहाणपण शिकवावे?

मित्रांनो, मी एक जुनी, लाल प्लास्टिकची खुर्ची आहे. कारखान्यातून आम्ही चाळीस बहिणी एकीच्या मांडीवर एक बसूनच बाहेर पडलो. काही वर्षे मी एका सभागृहात मिरवले. एकदा एक वजनदार गृहस्थ माझ्यावर चढून दिवा बदलू लागले. दिवा लागला, पण माझा एक पाय कायमचा अधू झाला. मग माझी रवानगी या व्यसनमुक्ती केंद्रात झाली.

इथे आम्हाला गोल मांडतात. त्या गोलात न्यायालयाने पाठवलेली माणसे बसतात. त्यांना तुरुंगाऐवजी वर्षभर उपचार मिळतात. आठवड्यातून दोनदा हजेरी, लघवीची तपासणी, आणि न सांगता तीनदा दांडी मारली की थेट तुरुंग.

माझ्या वाट्याला नळोबा आला. धंदा नळदुरुस्तीचा, म्हणून हे नाव. कंबर दुखावली म्हणून गोळ्या सुरू झाल्या. कंबर बरी झाली, गोळ्या काही सुटेनात. शेवटी पठ्ठ्याने डॉक्टरांच्या नावाची चिठ्ठी स्वतःच लिहिली. औषधवाल्याला ती एका झटक्यात वाचता आली, आणि तिथेच घात झाला!

नळोबा भरदार गडी. तो टेकला की मी सुखाने कुरकुरायचे. पुढे मात्र तो हलका होऊ लागला, कडेवर टेकू लागला. मला स्टुलाचे बोल आठवले. पण म्हटले, पथ्य करत असेल. उगाच कशाला वाईट चिंतायचे?

मग दोन दांड्या झाल्या. तिसऱ्या खेपेला शेजारच्या खुर्चीवरच्या शिंपीमामांनी आपले जाकीट माझ्या पाठीवर टांगले.

“नळोबा कुठंय?” समुपदेशक ताईंनी विचारले.

“आत्ताच बाथरूमला गेला, ताई.”

“पोट बिघडलंय बिचाऱ्याचं,” समोर बसलेल्या मास्तरांनी जोड दिली.

अर्धा तास गेला. “अजून आत?”

“तिथला नळ गळत होता ना, तोच बघत असेल. हाताची खोड, दुसरं काय!” मामा म्हणाले.

माझ्याने ऐकवेना. अधू पाय मुडपला आणि मी जाकिटासकट आडवी झाले. ताईंनी मला उठवले, जाकीट मामांच्या हातात दिले आणि स्वतःच्या खिशातून एक किल्ली काढली.

“तपासणीसाठी बाथरूमला आजपासून कुलूप आहे, मामा. ही त्याचीच किल्ली.”

मामा जाकिटाची घडी घालू लागले. ताई गोलाकडे वळल्या.

“तुम्ही त्याला वाचवत नाही, बुडवताय! पाय घसरला तर न्यायाधीशबाई ऐकून घेतात, उपचार वाढवतात. लपवाछपवी त्यांना चालत नाही. उठा, सगळे चला त्याच्या घरी!”

पुढचे मला नळोबानेच सांगितले, म्हणजे गोलाला सांगितले, माझ्यावर बसून. त्याने पुन्हा गोळ्या घेतल्या होत्या. लाजेने तो घराबाहेर पडत नव्हता. दार वाजले तेव्हा पोलीसच आले असे वाटून तो पलंगाखाली शिरला.

“बरं झालं बाई, आलात,” त्याची आई रडत म्हणाली. “तीन दिवस धड जेवला नाही. मी सांगू तरी कोणाला?”

“ये रे बाहेर, आम्हीच आहोत,” मास्तर म्हणाले.

पलंगाखालून आवाज आला, “कसा येऊ? कंबर अडकलीय!”

“पुन्हा कंबरच!” मामांनी कपाळावर हात मारला. चौघांनी पाय धरून त्याला ओढून काढले.

ताईंनी सगळे खरे कळवले. न्यायाधीशबाईंनी तीन महिने उपचार वाढवले, तुरुंग टळला. आता नळोबा पुन्हा पुरता रेलून बसतो. माझ्या अधू पायाला त्याने पाइपचा तुकडा घट्ट बसवून दिला आहे. स्टूल माझ्याकडे नुसते बघते. तेच जास्त लागते.

मित्रांनो, तुमच्या ओळखीतही कोणाची जागा रिकामी असेल आणि बाकीचे “येईलच हो” म्हणत असतील. मला तोंड नव्हते, म्हणून मी पडून दाखवले. तुम्हाला तोंड आहे, दोन धड पायही आहेत. आजच जा, त्याचे दार वाजवा. आणि घरात दिसला नाही, तर पलंगाखालीही एकदा वाकून बघा.